भिंत कोणत्या घराची?

प्रस्तावना

टोकियोच्या हव्या त्या भागाचे त्रिमितीय मॉडेल आज कोणालाही घरबसल्या फुकट उतरवून घेता येते. जपानच्या भूमी, पायाभूत सुविधा, वाहतूक आणि पर्यटन मंत्रालयाने 2020 साली ‘प्लॅटो’ हा प्रकल्प हाती घेतला आणि पहिल्याच टप्प्यात 56 शहरांची मॉडेल्स खुली केली. त्यातली एक फाइल उघडून बघावी. नावाच्या सुरुवातीला आठ अंक असतात. देशावर आखलेल्या जाळीतला साधारण एक किलोमीटरचा कोणता चौकोन आपल्या हाती आला आहे, ते त्यावरून कळते. त्यापुढे इमारतींच्या थराची खूण आणि मग 6697 हा आकडा. आत इमारतींमागून इमारती. प्रत्येकीला स्वतःचा ओळख क्रमांक, बहुतेकींची मोजलेली उंची, वापराचा संकेतांक, कित्येकींचे मजलेही. नदीला पूर आला तर या जागी पाणी किती चढेल, हेसुद्धा अनेक इमारतींच्या नोंदीत लिहिलेले असते. जिथे काम अधिक बारकाईने झाले आहे तिथे भिंत, छप्पर आणि तळ यांची नोंद वेगवेगळी असते, आणि ही भिंत अमुक इमारतीची, हेही तिथेच सांगितलेले असते.

आता हीच इमारत ओबीजे फॉरमॅटमध्ये निर्यात करा. पडद्यावर तीच इमारत दिसेल. कोपरे जागच्या जागी, छपराचा उतार तसाच. पण पुराच्या पाण्याची नोंद गेली, वापर गेला, ही भिंत आहे आणि ते छप्पर आहे ही ओळख गेली. उरले बिंदू आणि त्यांना जोडणारे पृष्ठभाग, आणि तेही पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहेत ते फाइल सांगत नाही. यात सॉफ्टवेअरची चूक काहीच नाही. ओबीजेमध्ये या गोष्टी ठेवायला जागाच नाही. फार तर एखाद्या गटाला नाव देता येते. चित्रपटातल्या दृश्यासाठी एवढे पुरते. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला ते पुरत नाही. ओळख गेलेली भिंत म्हणजे गट नंबर पुसला गेलेला नकाशा: रेघा सगळ्या आहेत, पण कोणाची जमीन ते कोणी सांगू शकत नाही.

शहराचे मॉडेल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारा माणूस प्रत्येक वेळी निवड करत असतो. काय न्यायचे, काय मागे ठेवायचे, ही ती निवड. त्याने ती जाणूनबुजून केली पाहिजे. केली नाही, तर सॉफ्टवेअरमधली आधीच ठरवून ठेवलेली मूल्ये ती त्याच्या वतीने करून टाकतात, आणि काय हरवले ते सहा महिन्यांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी लक्षात येते. हे पुस्तक लिहिण्यामागे एवढा एकच आग्रह आहे.

आज जे फॉरमॅट प्रचलित आहेत, त्यांच्यातले मतभेद त्यांच्या जन्मकथेतून आले आहेत. म्हणून आधी थोडा इतिहास.

संगणकावर शहरे उभी करण्याचे काम 1990 च्या दशकातही होत होते, पण ती मुख्यतः बघण्याची शहरे होती. वेगळा विचार सुरू झाला तो जर्मनीच्या नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात. तिथल्या भू-माहिती उपक्रमात 2002 च्या सुमारास त्रिमितीय मॉडेलवर काम करणारा एक गट बसला. थॉमस कोल्बे, गेरहार्ड ग्र्योगर, लुट्झ प्ल्यूमर ही त्या प्रवाहातली ठळक नावे. त्याच वर्षी युरोपीय संघाने पर्यावरणीय गोंगाटाविषयीचा निर्देश काढला आणि मोठ्या शहरांचे, रहदारीच्या रस्त्यांचे गोंगाट-नकाशे करणे भाग पडले. आवाज भिंतीवर आपटून परततो, इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात पोहोचतो. तो हिशोबात धरायचा तर इमारत किती उंच आणि तिची भिंत कुठे, हे नेमके हवे. देखण्या चित्राचा तिथे उपयोग नव्हता. या गरजेतून आणि या विचारातून ‘सिटीजीएमएल’ आकाराला आले. 2008 मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियम, म्हणजे ओजीसी, या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. दुसरी आवृत्ती 2012 ची. तिसऱ्या आवृत्तीचा संकल्पनात्मक आराखडा 2021 मध्ये मंजूर झाला.

सिटीजीएमएलचा गाभा असा की शहर म्हणजे वस्तूंचा संग्रह आहे आणि प्रत्येक वस्तूला नाव, जात आणि नातेसंबंध आहेत. इमारतीला भाग असतात, भागाला भिंती, भिंतीला खिडक्या. या विचाराबरोबर आली तपशिलाची पातळी, म्हणजे एलओडी. पुण्यातला एखादा जुना दोन चौकी वाडा डोळ्यांसमोर आणावा. पातळी शून्यावर तो जमिनीवरची एक बंद रेघ आहे. पातळी एकवर ती रेघ वर उचलून केलेले सपाट माथ्याचे खोके. पातळी दोनवर कौलारू छपराचे उतार दिसतात आणि छप्पर, भिंती, जमीन वेगवेगळ्या नोंदल्या जातात. तीनवर दिंडी दरवाजा आणि खिडक्या येतात. चौथी पातळी आतली: जिना, माजघर, ओसरी. तिसऱ्या आवृत्तीत ही चौथी पातळी काढून टाकली आहे. आता घराचा आतला भाग कोणत्याही पातळीवर दाखवता येतो. हा बदल मला अगदी योग्य वाटतो. बाहेरून खोके आणि आतून मात्र प्रत्येक खोली मोजलेली, अशी मॉडेल्स व्यवहारात लागतातच.

जर्मन विचार भक्कम होता, पण जड होता. सिटीजीएमएलच्या फाइली एक्सएमएलमध्ये असतात, आणि तीच गोष्ट तीन तऱ्हांनी लिहिण्याची मुभा त्यात आहे. वाचणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची त्यात दमछाक होते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातून याला उत्तर आले. ह्यूगो लेडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच आशय जेसनमध्ये बसवून ‘सिटीजेसन’ तयार केले. फाइल साधारण सहापट लहान झाली आणि वेबवर काम करणाऱ्या तरुण प्रोग्रामरला ती एका संध्याकाळी समजू लागली. 2021 मध्ये ओजीसीने सिटीजेसनला सामुदायिक मानकाचा दर्जा दिला. डेल्फ्टच्याच फिलिप बिल्येत्स्की, लेडू आणि यांतिन स्टोटर यांनी पातळ्यांची ढिलाई दाखवून देऊन 2016 मध्ये सोळा काटेकोर उपपातळ्या मांडल्या. ‘पातळी दोन’ एवढे म्हणून भागत नाही, नेमके काय आणि किती बारकाईने दाखवले आहे ते सांगा, अशी त्यांची मागणी होती. त्याच परंपरेतून नेदरलँड्समधल्या सुमारे 1 कोटी इमारतींचे मॉडेल माणसाचा हात न लागता तयार होते आणि खुले केले जाते.

तिसरा प्रवाह पडद्याकडे तोंड करून उभा आहे. संपूर्ण शहर ब्राउझरमध्ये दाखवायचे तर ते तुकड्यातुकड्यांनी यावे लागते, जवळचे बारीक आणि दूरचे ढोबळ. ‘सीझियम’ या प्रकल्पाच्या चमूने 2015 मध्ये यासाठी ‘थ्रीडी टाइल्स’ जाहीर केले. 2019 पासून तेही ओजीसीचे सामुदायिक मानक आहे. प्रत्येक तुकड्याच्या पोटात क्रोनोस संस्थेच्या जीएलटीएफ फॉरमॅटमधले त्रिकोण असतात. या मंडळींची प्राथमिकता वेग आहे आणि त्यात गैर काही नाही. इमारतीची माहिती टाइलमध्ये सोबत नेण्याची सोय त्यांनीही केलेली आहे. ती वापरायची की नाही हे मात्र निर्यात करणाऱ्याच्या हातात राहते, आणि बरेचदा ती वापरली जात नाही.

चौथा प्रवाह वास्तुविशारद आणि बांधकाम अभियंत्यांचा. त्यांचा आयएफसी हा फॉरमॅट एका इमारतीत खोल जातो, शहराच्या विस्ताराचा विचार त्यात मुळात नाही. त्याचा आणि सिटीजीएमएलचा मेळ घालणे हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. इथे त्याला एक प्रकरण पुरे.

यांच्या जोडीला डेटाबेसवाल्यांचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. बर्लिनच्या मॉडेलसाठी बॉन विद्यापीठात 2003 ते 2005 या काळात सुरू झालेले आणि पुढे बर्लिन व म्युनिकमध्ये वाढलेले ‘थ्रीडीसिटीडीबी’ खुल्या स्रोताचे आहे. पोस्टग्रेस किंवा ओरॅकलमध्ये सगळे शहर ठेवावे आणि लागेल तेवढा तुकडा लागेल त्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढावा, ही त्याची रीत. ज्या कार्यालयात मॉडेल वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहणार आहे, तिथे फाइलींच्या फोल्डरपेक्षा हीच रीत टिकते असे माझे ठाम मत आहे.

या सगळ्या प्रवाहांच्या मध्ये, एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून देणारी सॉफ्टवेअर उभी राहिली. त्यांत सर्वाधिक पसरले ते एफएमई. त्याची कथा कॅनडातल्या जंगलांपासून सुरू होते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाकूड कंपन्या आणि सरकार यांच्यात नकाशांची देवाणघेवाण करायची होती आणि प्रत्येकाची नकाशे ठेवण्याची तऱ्हा वेगळी होती. डॉन मरे आणि डेल लुट्झ यांनी 1993 मध्ये सेफ सॉफ्टवेअर ही कंपनी काढली ती याच प्रश्नावर. आज एफएमई शेकडो फॉरमॅट वाचते आणि लिहिते. त्याच्या पडद्यावर डावीकडे रीडर, उजवीकडे रायटर आणि मध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पेट्या रेघांनी जोडलेल्या असतात. कोड लिहावा लागत नाही. त्यामुळे ज्याला शहर कळते पण प्रोग्रामिंग येत नाही, असा नगररचना विभागातला माणूसही हे काम स्वतः करू शकतो. मला हे फार मोलाचे वाटते, कारण काय टिकवायचे हा निर्णय शहर ओळखणाऱ्याकडेच असायला हवा.

पण इथेच खरी मेख आहे. समजा, आपल्याकडे इमारतींचे पायाचे नकाशे शेपफाइलमध्ये आहेत आणि प्रत्येकीची उंची एका रकान्यात आहे. एक्सट्रूडर नावाची पेटी जोडली की खोकी उभी राहतात. आता ती सिटीजीएमएलमध्ये लिहायची. रायटरला आधी सांगावे लागते की ही भूमिती कोणत्या पातळीची, म्हणजे पातळी एकचा घनाकार की पातळी दोनचे पृष्ठभाग. मग प्रत्येक भिंतीला स्वतःचा ओळख क्रमांक द्यायचा, तिच्या इमारतीचा क्रमांक ‘पालक’ म्हणून लिहायचा आणि त्या इमारतीत तिची भूमिका काय तेही सांगायचे: ती इमारतीची सीमा आहे, तिचा स्वतंत्र भाग नाही. यातली एखादी नोंद राहून गेली, तर भिंत घराशी जोडली जात नाही. फाइल तयार होते, व्ह्यूअरमध्ये नीट दिसतेसुद्धा. ‘या इमारतीच्या दक्षिणेकडच्या भिंतींचे क्षेत्रफळ किती’ असे विचारले की मात्र उत्तर शून्य येते. मधल्या पेट्यांची नावे सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत बदलू शकतील. पातळी, ओळख, पालक आणि भूमिका हे चार प्रश्न बदलणार नाहीत. म्हणून या पुस्तकात बटणांपेक्षा या प्रश्नांवर जास्त पाने खर्ची घातली आहेत.

तितकाच मोठा घोळ जागेचा आणि उंचीचा. सुरुवातीच्या फाइलच्या नावात 6697 आले होते. निर्देशांक पद्धतींच्या जागतिक नोंदवहीतला तो क्रमांक आहे. त्याचा अर्थ असा: आधी अक्षांश, मग रेखांश, आणि उंची टोकियोच्या उपसागराच्या सरासरी पातळीपासून. वेबवरचा पृथ्वीगोल मात्र उंची समुद्रसपाटीपासून मोजत नाही. पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजतो. टोकियोत या दोन शून्यांमध्ये 36-37 मीटरचे अंतर आहे. हा फरक न मिळवता निर्यात केली की सगळे टोकियो तेवढे जमिनीत गाडले जाते. आपल्याकडे उलटे घडते. भारताच्या दक्षिणेला समुद्रपातळीचा जगातला सर्वांत खोल खळगा आहे, आणि त्याच्या प्रभावामुळे मुंबईत सरासरी समुद्रपातळी लंबगोलाच्या 60 मीटरहून अधिक खाली असते. तीच चूक केली तर मुंबई आकाशात तरंगू लागते. अक्षांश-रेखांशाचा क्रम चुकला तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते.

महाराष्ट्रापुरते आणखी एक सांगतो. मीटरमध्ये काम करायला आपण यूटीएम पद्धत वापरतो आणि तिचे पट्टे सहा-सहा अंशांचे असतात. 78 अंश रेखांशावर एक पट्टा संपतो. अमरावती 43 व्या पट्ट्यात, नागपूर 44 व्या. विदर्भाचे सलग मॉडेल करणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. आणि बोरिवलीसारख्या ठिकाणी विषुववृत्तापासूनचे उत्तरेचे अंतर 21 लाख मीटरपेक्षा जास्त भरते. जीएलटीएफसारखे फॉरमॅट बिंदू 32 बिटांच्या अंकात ठेवतात. एवढा मोठा आकडा त्यात बसवला की तो 25 सेंटिमीटरच्या पायऱ्यांनीच पुढे सरकू शकतो. भिंती थरथरतात, खिडक्या भिंतीतून बाहेर येतात. उपाय सोपा आहे: आधी सगळे शहर एका जवळच्या स्थानिक आरंभबिंदूपाशी सरकवायचे आणि किती सरकवले ते फाइलमध्ये नोंदवून ठेवायचे. यातला दुसरा भाग विसरला जातो.

हे सगळे आत्ताच मराठीत का? 28 डिसेंबर 2022 रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने 2035 पर्यंत देशातल्या प्रमुख शहरांचे डिजिटल जुळे तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नक्शा’ हा शहरी जमिनींच्या मोजणीचा कार्यक्रम देशातल्या 152 नागरी संस्थांमध्ये सुरू झाला, आणि त्यात हवाई सर्वेक्षणातून त्रिमितीय डेटाही गोळा होतो. म्हणजे मॉडेल्स येणार आहेत. ती कोणत्या अवस्थेत येणार, हा प्रश्न आहे. विमानातून किंवा ड्रोनमधून घेतलेल्या फोटोंपासून बनलेले शहर फार देखणे दिसते. झाडाची पाने आणि गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा ओळखू येते. पण ती एकसंध जाळी असते. तिच्यात एक इमारत कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे लिहिलेले नसते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तसा दिवस पुन्हा उगवला तर प्रशासनाला ज्या प्रश्नांची उत्तरे हवी असतील, ती इमारतीगणिक आहेत: तळमजल्यावर राहते घर आहे की दुकान, वरच्या मजल्यावर किती माणसे हलवता येतील, विजेची खोली कुठे. जपानने पुराची खोली इमारतीच्या नोंदीत लिहिली ती याच कारणाने. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की मॉडेलची निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी तपशिलाची पातळी, उंचीचा शून्य, इमारतीचा ओळख क्रमांक आणि मिळकत पत्रिकेशी त्याची जोडणी या गोष्टी निविदेतच लिहाव्यात. एकदा देयक अदा झाले की त्या मागता येत नाहीत.

बिल्येत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये घेतलेल्या आढाव्यात शहर-मॉडेलचे 29 प्रकारचे उपयोग नोंदले होते. त्यांतल्या प्रत्येकाला वेगळे काही लागते. छपरावरच्या सौरऊर्जेला उताराची दिशा लागते, भिंतीतल्या खिडक्या नसल्या तरी चालते. उष्णतेच्या हिशोबाला बंद घनफळ लागते. एका कोपऱ्यात मिलिमीटरची फट राहिली तरी घनफळ निघत नाही. निर्यात करताना दशांशाची स्थळे कमी केली की चार कोपरे एका प्रतलात राहत नाहीत आणि अशा फटी पडतात. या तपासणीसाठी डेल्फ्टचे ‘व्हॅल्थ्रीडीटी’ हे मोफत साधन आहे. त्याचा अहवाल कसा वाचायचा, यावर पुस्तकात सविस्तर लिहिले आहे, कारण नवख्या माणसाला त्या चुकांच्या यादीने धडकी भरते.

पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. बिंदुमेघापासून इमारती कशा काढायच्या, ते इथे नाही. हाती आलेले मॉडेल पुढे कसे न्यायचे, तेवढेच इथे आहे. उदाहरणे बहुतेक टोकियो, बर्लिन आणि नेदरलँड्समधली आहेत, कारण तिथला डेटा खुला आहे आणि वाचकाला माझ्या म्हणण्याची पडताळणी स्वतः करता येते. एफएमई सशुल्क आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी शक्य तिथे खुल्या स्रोताचा मार्गही दिला आहे. सिटीजीएमएल आणि सिटीजेसन यांच्यातली ये-जा तर मोफत साधनांनी उत्तम होते.

वाचकाकडून एका सरावाची अपेक्षा आहे. पहिले प्रकरण वाचून झाले की टोकियोची एकच फाइल घ्यावी, तीही शक्यतो भिंती-छपरांची वेगळी नोंद असलेली. इमारती किती, छपरे किती, भिंती किती, पुराची नोंद असलेल्या इमारती किती, ते मोजून कागदावर लिहावे. मग ती फाइल थ्रीडी टाइल्समध्ये न्यावी, तिथून परत सिटीजीएमएलमध्ये आणावी आणि पुन्हा मोजावे. छपरांचे त्रिकोण झालेले असतील, त्यामुळे काही आकडे वाढतील. काही शून्यावर येतील. प्रत्येक फरकापुढे तो कोणत्या पेटीत पडला ते लिहावे. पुढच्या प्रकरणांत हाच कागद पुन्हा पुन्हा लागणार आहे.